आक्काची पळवापळवी

३ ऑगस्ट, रविवार

हंबीररावांनी छापखान्यात बोलावून घेतलं. चहा मागवला आणि चहाबरोबर भडंगही मागवलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आठ वर्षं हा माणूस माझं कॉमिक छापतोय, पण भडंग खाणार का असं कधी विचारलं नव्हतं.

"सम्राट, औंदाच्या दिवाळीला जोडअंक काढूया," म्हणाले. "तुझं तालीम पंचक आनि तमन्नाची गावगस्त. दोन्ही टीम एकाच गोष्टीत."

'तालीम पंचक' म्हणजे माझे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले पाच महावीर: बुक्कीनं भिंत पाडणारा दणका, त्याच्या हाताखाली सुसाट, भुंगा, मास्तर आणि आक्का. 'गावगस्त' ही गडमुडशिंगी गावच्या तमन्नाची टीम. पोरगी सव्वीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी सुरू केलं आणि आता सगळीकडे तिचंच नाव. तिची नायिका ठिणगी, अंगातून वीज काढते. दोन्ही कॉमिकांत तीच पंचगंगा वाहते, मग ही माणसं एकमेकांना भेटत का नाहीत, असं वाचक विचारतात म्हणे. कोणते वाचक? मला तर कुणी विचारलेलं नाही.

माझा खप उतरलाय हे मला ठाऊक आहे. मोठ्या टीमला लहान टीम जोडतात, जोडता जोडता गिळतात आणि पुढच्या वर्षी एकच नाव शिल्लक राहतं. पंचक जाईल, ही भीती मी इथंच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

घरी येऊन प्रियदर्शनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाय की." जरा लवकरच म्हणाली. बायको एवढ्या लवकर हो म्हणते तेव्हा काहीतरी असतं.

९ ऑगस्ट, शनिवार

बैठक झाली. तमन्ना वहीबिही न घेता आली, नुसती हसत होती. मला 'सम्राटभाऊ' म्हणते, प्रियदर्शनीला 'वहिनी'. वहिनीशी हिची एवढी ओळख कधी झाली?

नियम ठरले. दोन टीम भेटल्या की आधी गैरसमजातून जुंपणार, मग एकत्र येऊन खलनायकाला पाडणार. जगभर असंच चालतं. पण कोल्हापुरात जुंपली की जिंकलं कोण हा प्रश्न आलाच. मी स्पष्ट सांगितलं, दणका हरणार नाही. तमन्ना म्हणाली, "हरू दे कशाला भाऊ? बरोबरीत सोडवूया की." मी होकार दिला, पण ती इतक्या सहज कशी कबूल झाली हे डोक्यात राहिलं.

खलनायक तिनंच सुचवला: फुफाटा. उसाच्या पाचटाला लावलेल्या आगीतून उठलेला, ज्याला हात लावील ते जाळणारा. चांगला आहे. मला सुचला नाही याचा राग आला.

कामाची पद्धत अशी ठरली: एकाच कागदावर दोघांनी काढायचं. मी माझी माणसं काढून तिच्या माणसांसाठी मोकळी जागा सोडणार, ती तिथं तिची माणसं बसवणार. ज्याचं माणूस त्यानंच काढायचं आणि त्याच्या तोंडचं वाक्यही त्यानंच द्यायचं. संवादाच्या फुग्यातली अक्षरं नेहमीसारखी प्रियदर्शनीची, तिचं अक्षर गोल आहे. कागद पोचवायचं कामही तिच्याचकडे. ती गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत अकाउंट्स बघते, गडमुडशिंगीला जायला तिला थोडीशीच वाट वाकडी करावी लागते. म्हणजे सगळे कागद तिच्या हातून जाणार. माझंच माणूस मध्ये आहे, हे बरं झालं.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिले कागद परत आले. फूटपट्टी लावून बघितलं. ठिणगी दणकापेक्षा उंच आहे! फार नाही, पण आहे. प्रियदर्शनीकरवी निरोप धाडला. उत्तर आलं, "भाऊंनी केस धरून मोजलंय काय? वीज अंगात आली की केस उभे ऱ्हात्यात."

केस सोडून पुन्हा मोजलं. सारखे आहेत. तरी पुढच्या कागदावर तिच्यासाठी जागा जरा कमीच सोडली.

प्रियदर्शनी म्हणाली, "आक्का कुठं हाय ह्यात?"

मी दाखवली. मागे खांबाआड, हातात पाण्याची घागर. जखमी माणसाला पाणी लागतंच की.

२४ ऑगस्ट, रविवार

तालमीच्या कट्ट्यावर केरबा भेटला. केरबा आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचा व्यवस्थापक. माणसांवर त्याचा भरवसा नाही आणि त्याचा निर्णय सहसा चुकत नाही. त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "सम्या, हे मॅचचं न्हाय. हे खेळाडू पळवायचं काम हाय."

"कसं?"

"मैत्रीचा सामना लावायचा, आपली पोरं बघून घ्यायची आनि सीझनच्या तोंडाला चांगला गडी उचलायचा. गेल्या साली आपला लेफ्ट बॅक असाच गेला. आदल्या दिवशी माझ्या घरात जेवून गेलता त्यो."

"माझा कोण उचलणार? दणका?"

"दनका कशाला उचलतील? त्यो तर म्हातारा झाला. ज्याच्याकडं तुझं ध्यान न्हाय, त्यो गडी उचलत्यात."

घरी येऊन यादी केली. सुसाट? भुंगा? भुंग्याला तर मीच विसरतो. आजपासून भुंग्यावर नजर.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपतीत काम थंडावलं होतं. विसर्जनाची मिरवणूक आटोपली आणि आज कागद आले. भुंगा जिथल्या तिथं आहे. आक्का नाही.

म्हणजे आहे, पण पुढे! मी तिला घागर देऊन मागे काढलं होतं. खालची पूर्ण पट्टी मी ठिणगीसाठी सोडली होती, तिथं आक्का जळत्या उसात उभी आहे, हात वर करून. आणि हातासमोरची आग विझलीय. रेघ तमन्नाची, उघड दिसते. फुग्यात वाक्य: "माझं थंड हात निसतं ताप उतरवायला न्हाईत."

आक्काच्या हातात गारवा आहे, हे पहिल्या अंकापासूनचं. जे धरील ते थंड पडतं. मला ते कुठून सुचलं आता आठवत नाही. पुढं कथेत त्याचा फारसा उपयोग झाला नाही, दणकाच्या कपाळावर हात ठेवायला तेवढा होतो.

प्रियदर्शनी भाकरी थापत होती. विचारलं, "हे वाक्य तमन्नानं दिलं?"

"वाईट हाय काय?"

"चांगलं-वाईट विचारत नाही. कुणाचं आहे?"

"आक्काचं हाय की," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तमन्नाला पाठीशी घालतेय. नियम मोडलाय, माझं माणूस तिनं काढलंय, बोलवलंय, आणि माझी बायको तिच्या बाजूनं. केरबा बरोबर बोलला, फक्त गडी वेगळा निघाला.

१४ सप्टेंबर, रविवार

प्रियदर्शनी फोन घेऊन गच्चीवर जाते. पूर्वी स्वयंपाकघरातच बोलायची. आज मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं जिन्यात थांबलो. हसण्याचा आवाज आला. असं हसताना तिला घरात बरेच दिवस ऐकलं नव्हतं. मग एक वाक्य स्पष्ट कानावर आलं: "ऱ्हाऊ दे गं, दनकाला कळायचं न्हाय त्ये."

माझी गोष्ट, माझे बेत, सगळं गडमुडशिंगीला पोचतंय. मला वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईट वाटलं. आठ वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही. मी काढतो, ती अक्षरं घालते, बोलावंही लागत नाही. आणि आता ही मला परक्यासारखी.

खात्री करून घ्यायची ठरवलं. एक खोटी गोष्ट फक्त हिलाच सांगायची. ती गोष्ट तिकडून फिरून आली की झालं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणालो, "शेवट ठरला. फुफाट्याला दणकाच पाडणार, पण त्याला वाचवताना आक्का मरणार. अशा मोठ्या अंकात एक जण मरावा लागतो, वाचक हळहळतात."

ती माझ्या ताटात आमटी वाढत होती, ती वाढतच राहिली, ताटाबाहेर गेली. फोनकडे लक्ष असणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सापडली! कागद आले. आक्का सरळ वाचकाकडे बघतेय आणि फुगा एवढा मोठा की मागची दणकाची बुक्की त्यात झाकली गेलीय: "मला मारायचं ठरलंय म्हनं. ठरवताना मला कुनी इचारलं काय?"

मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं. आता पुरावा हातात आहे. परवा रविवार, गडमुडशिंगीला जाऊन तोंडावर विचारणार. प्रियदर्शनीला कळू देणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

जाऊन आलो. कसं लिहावं समजत नाही, झालं तसं लिहितो.

तमन्नाच्या घरी तिची आई, मेहमुदाभाभी, दारातच म्हणाली, "या पावणं, बसा." मी बसलो नाही. कागद टेबलावर आपटला. म्हणालो, "माझ्या घरात माणूस फोडून गोष्ट काढून घेतेस? आक्का पाहिजे होती तर तोंडानं मागायचीस."

तमन्ना कागद सरळ करत म्हणाली, "भाऊ, आक्काचं एक बी वाक्य माझं न्हाय."

"मग कुणाचं?"

"माझ्याकडं कागद येतोय तवाच आक्काचं फुगं भरलेलं असत्यात. मी फक्त फुग्याखाली आक्का काढतो."

"ती माझं माणूस आहे. तू का काढतेस?"

"तुमीच सांगितलासा न्हवं? वहिनी म्हनाल्या, भाऊंनी सांगितलंय, आक्का मोठी काढ. मी तर अम्मीला म्हटलं, बघ, केवढं मोठं मन."

भाभी मान हलवून म्हणाली, "व्हय, म्हटली हुती."

मी तेव्हा बसलो. तमन्नानं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "आनि गावगस्तचं पुढचं लिवायला मी वहिनींनाच इचारलंय. माझ्यापेक्षा झ्याक बोलत्यात त्यांची मानसं. त्यांनी सांगितलं न्हाय तुमास्नी?"

भाभीनं चहा आणला. अर्धा प्यालो. गाडीवर परत येताना मी कुणावर चिडायचं तेच कळेना.

२२ सप्टेंबर, सोमवार

घरात घट बसले आणि भांडण झालं.

मी म्हणालो, "तू मला फसवलंस. माझ्या नावावर तमन्नाला खोटं सांगितलंस."

"सांगितलं. आनि तुमी? मला खोटं सांगून माग काढत हुतासा न्हवं? त्या दिवशी ताटावर आक्का मारलीसा, त्ये खरं हुतं काय?"

मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे.

"आक्का कोन हाय ठावं हाय तुमास्नी?" तिचा आवाज चढला. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. "साखरपुड्यात अंगठी घालताना म्हनालासा, केवढं गार हात हाईत तुझं, ह्याचं कायतरी केलं पायजे. केलासा की! माझं हात घेतलासा आनि त्यात घागर दिलीसा. आठ वर्सं घागर धरून उभी हाय ती. गाव जळाय लागलंय, इझवायची ताकद तिच्याच हातात हाय, आनि तुमी दनकाला बुक्क्या मारायला लावतासा आगीला. आगीला बुक्की मारतंय काय कोन?"

मी म्हणालो, हे आधी सांगायचंस.

"आठ वर्सं सांगतोय. फुग्यात. तुमी वाचतासा कुठं?"

मी जुने अंक काढून बघितले. आक्काची वाक्यं मी पेन्सिलीनं लिहायचो, 'पाणी घे', 'जपून जा' अशी. छापून आलेली वेगळी आहेत. दुसऱ्या का तिसऱ्या अंकात ती म्हणते, "पानी देतो, पर तुला एकदा तरी मला इचारावं वाटलं काय?" हे मी कधीच लिहिलं नव्हतं. आणि पहिल्या पानावर छापलंय: कथा, चित्रं, संवाद, अक्षरं: सम्राट. अक्षरंसुद्धा माझीच.

शेवटी ती म्हणाली, "फुगं आता तुमीच भरा. मी गावगस्तचं लिवणार हाय." आणि आत गेली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

घरात बोलणं बंद. जेवायला वाढते, हाक मारत नाही.

आज फुगे भरायला बसलो. दणकाचं जमलं, तो तीन शब्दांच्या वर बोलत नाही. आक्काच्या फुग्यापाशी पेन थांबला. 'सांभाळून' लिहिलं, खोडलं. 'मी आहे' लिहिलं, तेही खोडलं. ती काय बोलेल तेच मला माहीत नाही. कागद खरवडून पातळ झाला.

वैतागून छापखान्यात गेलो. हंबीररावांना म्हणालो, जोडअंक रद्द करा, माझ्या घरात फूट पडलीय.

ते म्हणाले, "फूट? आरं, जून म्हैन्यातच मी पंचक बंद करनार हुतो. प्रियदर्शनी आली हितं. म्हनाली, काका, एक जोडअंक काढू द्या, पंचक वाचतंय का बघूया. तमन्नाकडं बी तीच गेली, माझ्या आधी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकला असतास व्हय?"

यावेळी भडंग नव्हतं, नुसता चहा. मी त्यात काही डाव शोधत बसलो. सापडला नाही. एवढ्या दिवसांची सवय, सापडला नाही तर चुकल्यासारखं होतं. मग तिथंच, कामगारांसमोर, डोळे भरून आले. हंबीरराव मशीनकडे तोंड करून बघत राहिले.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटची पानं फाडून नव्यानं काढली. फुफाटा पेठेच्या तोंडाशी आलाय, दणका हात भाजून खाली बसलाय. आक्का घागर बाजूला ठेवते आणि दोन्ही हातांनी फुफाट्याचा गळा धरते. ठिणगी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहील, तेवढी जागा सोडली. यावेळी जागा मोजली नाही.

आक्काचा चेहरा जवळून काढायला बसलो आणि लक्षात आलं, मी तो कधी जवळून काढलेलाच नाही. नाक कसं होतं हेही ठरलेलं नव्हतं. आतल्या खोलीत प्रियदर्शनी कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातून तिच्याकडे बघत काढलं. तिनं ओळखलं असावं, पण तोंड फिरवलं नाही.

शेवटच्या पानावर आग विझल्यावर दणका आक्काला म्हणतो, "चल, पेठेत जाऊया." त्याच्यासमोर आक्काचा फुगा, मोठा, रिकामा. त्याखाली एक पूर्ण पट्टी कोरी. काय उत्तर यावं याचा अंदाज मी केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि भीती वाटली.

कागद तिच्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवला. बोललो नाही. बोललो असतो तर विनवणी केली असती.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कागद जागेवर नव्हता. संध्याकाळी ती उशिरा आली. विचारलं नाही. रात्री जेवताना हाक मारली, "अवो, चला." एवढंच. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दुपारी सोनं देऊन लोक गेल्यावर तिनं अंकाचे सगळे कागद टेबलावर ठेवले आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

आधी पहिल्या पानाकडे बघितलं. नावांचं मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं तिच्या गोल अक्षरात नावं लिहिली होती. कथा आणि आक्काचे संवाद: प्रियदर्शनी. चित्रं: तमन्ना आणि सम्राट. माझं नाव शेवटी. एक क्षण मनात आलं, मुद्दाम केलंय. मग म्हटलं, केलं असेल, हक्क आहे तिला.

शेवटचं पान. दणका म्हणतोय, चल, पेठेत जाऊया. आक्काच्या फुग्यात: "मी हितंच ऱ्हानार. तुला यायचं आसंल तर तू ये."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खालच्या पट्टीत तमन्नानं ठिणगीचं घर काढलंय. एकच खोली, अंथरलेली सतरंजी, गावगस्तच्या पोरी दाटीवाटीनं जेवायला बसल्यात, आणि त्यांच्यात आक्का, तोंडात घास, हसतेय. दारापाशी एका माणसापुरती जागा मोकळी.

"न्हाय आला तरी चालंल," प्रियदर्शनी मागून म्हणाली. "अंक पुरा हुतोय तसाबी."

"पंचकाचं काय मग?"

"त्यो आला तर इचारील की आक्काला."

मी पेन्सिल घेतली. आठ वर्षांत दणकाला मी कुणाच्या दारात उभा केलेला नाही, तो भिंत पाडूनच आत जातो. वाकून पायातलं काढतोय असा काढला. खोली लहान, माणसं दाट, त्याचे खांदे चौकटीत मावेनात. पुसून कमी केले.

ती बघत होती. म्हणाली, "आनि जरा."

मी आणखी कमी केले.